हार्मोन कोणाला हवे आणि कोणाला मिळते

औषधाचा प्रश्न हा डॉक्टरांचा, राजकीय कार्यकर्त्याने त्यात पडू नये, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. डॉक्टरांना ही रीत पसंत असते आणि औषध कंपन्यांना तर ती फारच सोयीची असते. उतारवयात शरीरातील हार्मोन्स, म्हणजे शालेय पुस्तकांतली संप्रेरके, कमी होऊ लागतात. ती बाहेरून घालून भरून काढावीत की नाही, हा प्रश्नही वरकरणी दवाखान्याच्या चार भिंतींतलाच वाटतो. परंतु गेल्या ऐंशी वर्षांचा त्याचा इतिहास पाहिला, तर तो प्रयोगशाळेइतकाच बाजारपेठेचा, जाहिरातीचा आणि न्यायालयीन कागदपत्रांचा इतिहास आहे. शिवाय त्याचे एक टोक बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या कोप्यांपर्यंत येऊन पोहोचते. म्हणून या पानावर त्याची चर्चा करणे मला आवश्यक वाटते.

मी अर्थशास्त्राचा माणूस आहे. कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि या लेखावरून कोणी औषध सुरू किंवा बंद करू नये. परंतु मागणी कशी निर्माण केली जाते, आकडे कसे मांडले म्हणजे कसे दिसतात, आणि गरज एकीकडे व क्रयशक्ती दुसरीकडे असली म्हणजे काय होते, हे विषय मी उभा जन्म शिकवले आहेत. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एखादी ग्रंथी रोगाने निकामी झाली आणि तिचे हार्मोन शरीराला मिळेनासे झाले, तर ते बाहेरून देणे हा वैद्यकाचा निर्विवाद विजय आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले, आणि तोवर मृत्यूची शिक्षा असलेला रोग सोबत घेऊन जगण्याजोगा झाला. संशोधकांनी त्याचे स्वामित्वहक्क विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले. थायरॉइड ग्रंथी खरोखर बंद पडलेल्या माणसाला थायरॉक्सिनची गोळी देणे हेही याच जातीचे उपचार होत. येथे उणीव खरी असते, ती मोजता येते आणि भरून काढल्याचा लाभ उघड दिसतो. वाद आहे तो याच्या पलीकडचा. वय झाले म्हणून सर्वांचीच जी पातळी खाली येते, तिला रोग म्हणायचे काय? आणि ती पुन्हा तरुणपणाच्या रेषेवर नेऊन ठेवली तर माणूस पुन्हा तरुण होतो काय?

या दुसऱ्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर देण्याचा मोह जुना आहे. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि अंगात नवी ताकद आल्याचे भर सभेत सांगितले. त्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतेच, हे पुढे कळले. आलेली ताकद मनाची होती. १९२० च्या सुमारास सर्ज व्होरोनॉफ याने माकडांच्या वृषणांचे तुकडे श्रीमंत म्हाताऱ्यांच्या अंगात बसवण्याचा धंदा आरंभला आणि त्यावर तो गबर झाला. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले आणि माकडे सुटली. आपल्या ययातीला निदान आपण कोणाचे तारुण्य घेतो आहोत हे माहीत होते, आणि पुरूलाही आपण काय देतो आहोत याची कल्पना होती. पुढे जो बाजार उभा राहिला त्यात एवढाही प्रामाणिक व्यवहार राहिला नाही.

हा बाजार खऱ्या अर्थाने मोठा झाला तो स्त्रियांच्या बाबतीत. पाळी जाण्याच्या वयात बीजकोश काम थांबवतात आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन थोड्या काळात झपाट्याने उतरते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास घडते, आपल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास. अंगातून वाफा येणे, रात्री घामाने भिजून जाग येणे, योनीमार्ग कोरडा पडून संबंध दुःखदायक होणे, झोप उडणे, आणि दिसून न येणारी गोष्ट म्हणजे हाडे विरळ होत जाणे, हे त्याचे परिणाम होत. पुष्कळ बायकांना याचा फारसा त्रास होत नाही. काहींना मात्र तो काही वर्षे असह्य होतो. आपल्या घरांतून या त्रासाची 'वय झालं, चालायचंच' अशी बोळवण केली जाते, हाही अन्यायच आहे आणि त्याकडे पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या घरांतही क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

१९४२ मध्ये अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला परवानगी मिळाली. तिचे नाव प्रेमरिन. त्या मूत्रासाठी पुढे कॅनडाच्या गवताळ प्रांतांत घोड्या बांधून ठेवणारे मळे उभे राहिले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे एक डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक निघाले आणि हातोहात खपले. पाळी जाणे हा उणिवेचा रोग आहे, गोळी न घेणारी स्त्री स्त्रीच राहत नाही, आणि गोळी घेतली तर ती अखेरपर्यंत तरुण राहील, असा त्याचा मथितार्थ. पुस्तकाचा खर्च गोळी बनवणाऱ्या कंपनीने केला होता, असे विल्सन यांच्या मुलाने २००२ मध्ये सांगितले. गॅलब्रेथ या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्येच लिहून ठेवले होते की, संपन्न समाजात उत्पादन हे गरजा भागवत नाही, ते त्या अगोदर निर्माण करते. याला इतके स्वच्छ उदाहरण मला वर्गात सांगायला मिळाले नव्हते.

१९७५ मध्ये नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अनेक पटींनी वाढतो, असे दोन अभ्यासांतून पुढे आले. खप कोसळला. मग इस्ट्रोजेनला दुसऱ्या हार्मोनची, प्रोजेस्टिनची, जोड दिली गेली आणि तो धोका आवरला गेला. हाडे मजबूत राहतात, हृदयाचे रक्षण होते, स्मृती टिकते, अशी नवी कारणे शोधण्यात आली आणि १९९० च्या दशकात प्रेमरिन हे अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिले जाणारे औषध झाले. हृदयाचे रक्षण होते हा निष्कर्ष कशावरून काढला गेला होता? गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी आढळतो, या निरीक्षणावरून. परंतु गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया या सुशिक्षित, सुस्थितीतल्या, व्यायाम करणाऱ्या आणि डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या. वर्गाचा परिणाम गोळीच्या खात्यावर जमा झाला. समाजवादी विचाराच्या माणसाने तरी हे उदाहरण विसरू नये.

खरी कसोटी १९९० च्या दशकात सुरू झाली. अमेरिकी सरकारच्या पैशाने ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागून एका गटाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी देण्यात आली. कोणतीही कंपनी असा प्रयोग आपणहून करील असे मानण्याचे कारण नाही, कारण माल विकला जातच होता. २००२ च्या जुलैमध्ये, सरासरी पाच वर्षे झाल्यावर, हा प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८, फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकण्याच्या ८ आणि स्तनांच्या कर्करोगाच्या ८ घटना अधिक घडल्या. उलट खुब्याचे हाड मोडण्याच्या ५ आणि आतड्याच्या कर्करोगाच्या ६ घटना कमी घडल्या. पुढच्या वर्षी पासष्टीवरील स्त्रियांत स्मृतिभ्रंश दुपटीने आढळल्याचेही प्रसिद्ध झाले. स्मृती टिकवण्याचे औषध म्हणून हेच विकले गेले होते.

वृत्तपत्रांनी मथळे दिले, 'स्तनांच्या कर्करोगात सव्वीस टक्के वाढ'. आकडा खोटा नव्हता. दहा हजारांत ३० होते ते ३८ झाले, म्हणजे सुमारे तेवढीच वाढ झाली. परंतु एका स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर दहा हजारांत आठ म्हणजे साडेबाराशेत एक. लाभ सांगताना टक्केवारी आणि तोटा सांगताना दहा हजारांतली संख्या, किंवा याच्या उलट, अशी दोन मापे वापरून एकाच आकड्यातून भीती आणि आशा दोन्ही विकता येतात. सरकारी अंदाजपत्रक वाचताना आपण ही युक्ती ओळखतो. औषधाच्या कागदावर मात्र ती आपल्या नजरेतून सुटते.

भीतीची लाट एवढी मोठी होती की, ज्यांना गोळीची खरी गरज होती त्यांच्याही गोळ्या बंद झाल्या. पुढे आकडे वयानुसार वेगळे करून पाहिले गेले, तेव्हा चित्र पालटले. प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नाहीत किंवा वय साठीच्या आत आहे, अशा स्त्रियांत हृदयाचा धोका वाढलेला दिसला नाही, आणि एकंदर धोकाही बराच कमी होता. साठीनंतर नव्याने सुरू करणाऱ्यांत तो अधिक होता. गोळीऐवजी त्वचेवर लावायची पट्टी वा मलम वापरले तर रक्ताच्या गाठीचा धोका कमी राहतो, हेही निरीक्षण आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील हृदयविकार, स्तनांचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचे काळ्या चौकटीतले इशारे काढण्याचे जाहीर केले. गर्भाशय शाबूत असता नुसते इस्ट्रोजेन घेण्याविषयीचा इशारा तेवढा ठेवला. या निर्णयानंतर लंबक पुन्हा दुसऱ्या टोकाला नेण्याचा प्रयत्न होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या वाचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. पन्नाशीच्या आसपासच्या, खरा त्रास असलेल्या आणि स्तनांच्या कर्करोगाचा वा रक्तात गाठी होण्याचा इतिहास नसलेल्या स्त्रीला हे औषध मिळाले पाहिजे. पासष्टीच्या बाईला 'पुढचे रोग टळतील' म्हणून ते नव्याने विकणे याला आधार नाही.

या कथेतला सर्वांत संतापजनक भाग अजून सांगायचा आहे. औषध घेऊन कर्करोग झालेल्या हजारो अमेरिकी स्त्रियांनी कंपनीवर दावे लावले. त्या दाव्यांतील कागदपत्रे २००९ मध्ये न्यायालयाने खुली केली, तेव्हा १९९८ ते २००५ या काळात वैद्यकीय नियतकालिकांत आलेले २६ लेख कंपनीच्या पैशाने भाडोत्री लेखकांच्या हातून तयार झाले होते, असे उघड झाले. वर नावे मात्र प्राध्यापक-डॉक्टरांची. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावातला प्रामाणिक डॉक्टर ताजे ज्ञान म्हणून जे वाचत होता, ते जाहिरातच होते. केनेथ ॲरो याने १९६३ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की वैद्यकसेवेचा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही, कारण माल घेणाऱ्याला मालाची पारख नसते आणि त्याला विकणाऱ्याच्याच सल्ल्यावर विसंबावे लागते. येथे तर सल्लागाराचीच पारख विकत घेतली गेली होती.

पुरुषांचे प्रकरण थोडक्यात आटोपता येईल, कारण त्यात शास्त्र थोडे आणि जाहिरात फार आहे. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन असे एकाएकी आटत नाही. तिशी-चाळिशीनंतर ते वर्षाला सुमारे एक टक्का या गतीने उतरते, आणि पोट सुटले, मधुमेह जडला, झोप गेली म्हणजे अधिक उतरते. २००० नंतर अमेरिकेत टेस्टोस्टेरॉनचे मलम बाजारात आले आणि 'थकवा वाटतो का? जेवणानंतर डुलकी येते का?' अशा प्रश्नावल्या जाहिरातींतून विचारल्या जाऊ लागल्या. जेवणानंतर डुलकी येणे हा रोग असेल तर उभ्या कोकणात निरोगी माणूस सापडायचा नाही. २०१५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने, हे औषध ठरावीक रोगांमुळे हार्मोन घटलेल्या पुरुषांसाठी आहे, केवळ वयामुळे घट झालेल्यांसाठी ते मंजूर केलेले नाही, असे कंपन्यांना छापायला लावले. पासष्टीवरील ७९० पुरुषांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लैंगिक इच्छेत माफक सुधारणा दिसली. उत्साहात म्हणण्यासारखी भर पडली नाही. पुढच्या वर्षीच्या निष्कर्षांत हाडांची घनता वाढलेली दिसली, स्मृतीत मात्र फरक नव्हता. २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत ही गोष्ट दिलासा देणारी, पण हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता आणि फुफ्फुसातल्या रक्ताच्या गाठी अधिक आढळल्या. त्याच प्रयोगातील पुढच्या वर्षीचा निष्कर्ष असा की टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांची हाडे अधिक मोडली. क्ष-किरणात भरीव दिसणारे हाड मोडण्याला अधिक टणक असेलच असे नाही, हा धडा मोजमापावर भाळणाऱ्या सर्वांनी घ्यावा, अर्थशास्त्रज्ञांनीही.

वाढीच्या हार्मोनची कथा याहून बोलकी आहे. १९९० मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात साठीवरील अवघ्या बारा पुरुषांना सहा महिने हे हार्मोन टोचल्याचा अहवाल आला. स्नायू वाढले, चरबी घटली. ताकद वाढली काय, आयुष्य वाढले काय, हे त्यात मोजलेलेच नव्हते. बारा माणसांच्या त्या निबंधावर 'वार्धक्यविरोधी' दवाखान्यांची रांग उभी राहिली. २००३ मध्ये त्याच नियतकालिकाला आपल्या त्या निबंधाचा असा वापर करू नये, असे जाहीरपणे लिहावे लागले. डीएचईए नावाच्या हार्मोनचेही तेच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात वृद्धांना त्याचा काहीही उपयोग झाला नाही. आपल्या शहरांतल्या व्यायामशाळांतून आणि नव्या चकचकीत दवाखान्यांतून या मालाचा व्यवहार होतो, तो उच्चभ्रूंपुरता राहील तोवर त्याची फार चिंता करण्याचे कारण मला दिसत नाही.

चिंता आहे ती मध्यमवर्गीय निवृत्तिवेतनधारकांची, आणि ती थायरॉइडच्या निमित्ताने. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका तपासणी केंद्राचे प्रतिनिधी येऊन गेले. ठरावीक रकमेत साठ-सत्तर तपासण्या, घरी येऊन रक्त नेणार, संघाला वर्गणीत काही टक्के. इतक्या तपासण्या केल्या म्हणजे त्यांतली एखादी तरी रेषेबाहेर जाणार, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. बहुधा ती टीएसएच असते, कारण वयाबरोबर टीएसएच थोडे वर सरकतेच. मग गोळी सुरू होते ती जन्मभरासाठी. पासष्टीवरील आणि असे किंचित वाढलेले टीएसएच असलेल्या ७३७ युरोपीय वृद्धांवरील प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्यांच्या थकव्यात आणि न घेणाऱ्यांच्या थकव्यात काहीही फरक पडला नाही. आणि मात्रा जास्त झाली तर म्हातारपणी हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे झिजतात. ज्यांची थायरॉइड ग्रंथी खरोखर मंदावली आहे त्यांनी गोळी सोडू नये, हे पुन्हा सांगतो. पण सीमारेषेवरच्या आकड्यासाठी गोळी सुरू करण्यापूर्वी काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करून पाहावी, असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको.

आता या हिशोबाची दुसरी बाजू पाहू, आणि ती पाहावी म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी पाऊस सरल्यावर ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात. कोपीत पाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहाव्या लागतात. अंगावर पांढरे जाते, पोट दुखते, म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते, आणि 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळतो. पाळीची कटकट गेली म्हणजे खाडाही टळेल, हा हिशोब घरात आधीच झालेला असतो. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा जणींत एकीचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे लक्षात घेतले तरी अंतर फार मोठे आहे. त्याच पाहणीत शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय ३४ वर्षे निघाले, आणि दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झालेल्या होत्या.

वृत्तपत्रांनी शस्त्रक्रियेपर्यंतची हकीकत छापली. शस्त्रक्रियेनंतर त्या बाईचे काय होते हे फारसे कोणी विचारले नाही. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले गेले असतील, तर पस्तिशीतल्या बाईचे इस्ट्रोजेन काही दिवसांत खाली येते. निसर्ग जे पन्नाशीच्या उंबरठ्यावर आणि हळूहळू करतो, ते पंधरा वर्षे आधी आणि एका दिवसात होते. बीजकोश ठेवले असले तरी ते सरासरीपेक्षा काही वर्षे लवकर थकतात. वाफा, निद्रानाश, सांधे व पाठ धरणे, आणि सर्वांत गंभीर म्हणजे हाडांची झीज व हृदयविकाराचा वाढलेला धोका. हीच बाई पुढच्या हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. 'पिशवी काढल्यापासून अंगात जीव राहिला नाही,' ही त्या भागात कानावर येणारी तक्रार खाजगी डॉक्टरला कल्पित वाटते. वैद्यकाच्या पुस्तकात तिला पूर्ण आधार आहे.

आणि येथे वैद्यकशास्त्रात वाद जवळजवळ नाही. अकाली किंवा शस्त्रक्रियेने बीजकोश गेलेल्या तरुण स्त्रीला, कर्करोगासारखी आड येणारी बाब नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावे, असे सर्व प्रमुख वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रे सांगतात. तिचे गर्भाशय नसल्यामुळे प्रोजेस्टिनची जोड लागत नाही, नुसते इस्ट्रोजेन पुरते. वर सांगितलेल्या अमेरिकी प्रयोगाचा दुसरा भाग नेमका गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांवर झाला होता. पक्षाघाताचे प्रमाण वाढल्यामुळे २००४ मध्ये तोही थांबवला गेला, परंतु स्तनांचा कर्करोग त्यांत वाढला नाही, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात तर तो कमीच आढळला. त्या स्त्रियाही वयाने पन्नाशीपुढच्या होत्या, पस्तिशीच्या बाईला तर जे हार्मोन तिच्या शरीरात असायलाच हवे होते तेवढेच परत द्यायचे असते. ज्या स्त्रीच्या बाबतीत लाभाचे पारडे सर्वांत जड आहे, तिला ते औषध असते हेच माहीत नाही. तिला ते लिहून देणारा डॉक्टर भेटत नाही आणि भेटला तरी महिन्यामागून महिना विकत घेण्याची तिची ऐपत नाही. उलट ज्या पासष्टीच्या सुखवस्तू गृहस्थाला त्याचा लाभ संशयास्पद आहे, त्याच्या दारात माल घेऊन माणूस उभा आहे. बाजाराने काहीही चूक केलेली नाही. त्याला गरज दिसत नाही, क्रयशक्ती दिसते.

कोणी म्हणेल, आधी अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवा. अर्थात थांबवल्याच पाहिजेत. २०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घातले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. परंतु ज्यांची पिशवी गेली ती परत येणार नाही. त्या हजारो बायका आज चाळिशीत आणि पन्नाशीत आहेत आणि वर्ष सरते तसा उपचाराचा उपयोगी काळही सरत चालला आहे. ज्यांची पन्नाशी उलटली त्यांना हार्मोन देण्यापेक्षा हाडांची तपासणी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, रक्तदाबाची देखभाल, आणि हलक्या कामाची तजवीज यांची गरज अधिक आहे. हेही औषधाइतकेच खरे, आणि कारखानदारांच्या दृष्टीने औषधाहून महाग.

हार्मोनच्या प्रश्नावर लोकचळवळ होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना एका जुन्या लढ्याची आठवण द्यावीशी वाटते. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जादा मात्रेची औषधे आपल्याकडे गर्भ आहे की नाही हे पाहण्यासाठी सर्रास दिली जात आणि त्यांतून गर्भाला व्यंग येण्याचा धोका होता. स्त्री संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्यांनी न्यायालयांतून स्थगिती आणली, आणि जाहीर सुनावण्या होऊन १९८८ मध्ये ती बंदी पक्की झाली. त्या वेळी रस्त्यावर आलेल्या बायकांत वैद्यकाच्या पदवीधर थोड्याच होत्या. तेव्हा नको असलेले हार्मोन हटवण्यासाठी लढा झाला, आता हवे असलेले मिळवण्यासाठी करावा लागेल, एवढाच फरक.

मागणी अवघड नाही. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, कारखान्यांच्या वर्गणीतून त्याला निधी मिळण्याची तरतूद आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक बाईची उपजिल्हा रुग्णालयात नोंद व्हावी, पन्नाशीच्या आतल्या बायकांची स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी होऊन आवश्यक तेथे इस्ट्रोजेन सरकारी औषधभांडारातून विनामूल्य मिळावे, जिल्हा रुग्णालयात हाडांची घनता मोजण्याचे यंत्र असावे, आणि काय काढले, काय ठेवले याचा मराठीत लिहिलेला कागद खाजगी दवाखान्याने प्रत्येकीला दिलाच पाहिजे. अनेकींच्या हाती हा कागद नाही, आणि त्यावाचून तज्ज्ञ डॉक्टरचेही काम अडते.

टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात आणि पावसाळा संपेपर्यंत गावातच असतात. आपल्या स्त्री कार्यकर्त्यांना घरोघर बसून यादी करायला हा काळ पुरेसा आहे. शस्त्रक्रियेचे वर्ष, तेव्हाचे वय, दवाखान्याचा कागद आहे की नाही, आणि त्यानंतर कोणी पुन्हा तपासले काय, एवढे चार रकाने पुरेत. पाटोदा, शिरूर कासार, धारूर आणि वडवणी या तालुक्यांपासून सुरुवात करावी, आणि यादी घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाताना त्या बायकांनाच बरोबर न्यावे.